सेल जपा, रेडिओ बोलत राहील



3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब कोसळले, मोबाइलचं नेटवर्क गेलं. अशा वेळी बाहेरची खबर देऊ शकतो तो सेलवरचा ट्रान्झिस्टर. लघुलहरींवर तर तो हजारो किलोमीटरवरची केंद्रंही ऐकवतो. पण त्यासाठी सेल टिकायला हवेत.

हिशेब सोपा आहे. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता साधारण 2000 मिलिअँपिअर-तास धरू. रेडिओ 50 मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर सेल सुमारे 40 तास चालतील. आवाज वाढवला की ही गरजही वाढते. म्हणून आवाज बेताचा ठेवा किंवा इअरफोन लावा. पडद्यामागचा दिवा गरजेपुरताच लावा. डिजिटल रेडिओतलं घड्याळ संच बंद असतानाही थोडी वीज घेतच राहतं, हेही लक्षात असू द्या.

चार्ज होणाऱ्या सेलचा दाब सहसा दीड नव्हे, 1.2 व्होल्ट असतो. बहुतेक संच त्यावर चालतात, तरी माहितीपुस्तिका पाहून घ्या.

जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी संपतो, मग त्यातून रसायन गळतं आणि संपर्कपट्ट्या गंजतात. रेडिओ महिनोन्‌महिने वापरणार नसाल, तर सेल काढून कोरड्या जागी ठेवा.

पावसाळ्यापूर्वी घरात नव्या सेलचा एक जोड जरूर आणून ठेवा.