इंग्रजी वाक्याचा विस्तार
(शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. तरीही खेड्यातील पुष्कळ मुले तीनचार शब्दांच्या वाक्यापुढे जाण्यास धजत नाहीत. त्यांना शब्द ठाऊक नसतात असे नव्हे. शब्द वाढविला की चूक होते आणि वहीत तांबडी रेघ उमटते, हा अनुभव त्यांना आलेला असतो.

ह्या चुकीचे मूळ मुलाच्या बुद्धीत नसून दोन भाषांच्या घडणीत आहे. ‘वाघाने गाय मारली’ म्हणा किंवा ‘गाय वाघाने मारली’ म्हणा, मारणारा वाघच राहतो. कारण मराठीत शब्दाचे नाते प्रत्यय सांगतो. इंग्रजीत ते बहुधा शब्दाची जागा सांगते. ‘द टायगर किल्ड द काउ’ ह्यातील नामांची अदलाबदल केली, तर गायीनेच वाघ मारला असे होईल!

तपशिलाचेही तसेच आहे. ‘शाळेत जाताना मला साप दिसला’ ह्याचे ‘आय सॉ अ स्नेक गोइंग टु स्कूल’ असे केले, की सापच शाळेस निघाल्याचा भास होतो. ‘ऑन माय वे टु स्कूल, आय सॉ अ स्नेक’ असे लिहिले म्हणजे संशय उरत नाही.

हे तत्त्व मुलास अगदीच नवे नाही. ‘सीतेनेच दोन आंबे खाल्ले’ आणि ‘सीतेने दोनच आंबे खाल्ले’ ह्यांतील भेद त्यास घरीच कळलेला असतो. त्याच आधाराने ‘ओन्ली सीता एट टू मँगोज’ आणि ‘सीता एट ओन्ली टू मँगोज’ ही वाक्ये शिकवावीत. मराठी ‘च’ शब्दाच्या मागून येतो, ‘ओन्ली’ येथे शब्दाच्या आधी येतो, एवढेच दाखवावे.

पाठ घेताना फळ्यावर लहान वाक्य लिहावे : ‘अ मॅन केम.’ मग एकेक प्रश्न विचारावा. कसा माणूस? ‘ॲन ओल्ड मॅन केम.’ येथे ‘अ’चा ‘ॲन’ झाला, कारण पुढील शब्द स्वरोच्चाराने सुरू होतो. कोठे आला? ‘टु अवर स्कूल.’ केव्हा? ‘यस्टर्डे.’ मराठीत ‘काल आमच्या शाळेत’ असा क्रम सहज येतो. इंग्रजीत साधारणतः स्थळ आधी व काळ शेवटी येतो. पुढे ‘द मॅन विथ टू गोट्स इज कमिंग’ हे वाक्य घ्यावे. शेळ्या दोन असल्या तरी कर्ता माणूस एकच. म्हणून ‘आर’ नव्हे, ‘इज’.

वही तपासताना सबंध वाक्य खोडू नये. चुकलेल्या तपशिलाखाली रेघ ओढून ‘हा तपशील कोणाचा?’ एवढेच विचारावे आणि तो योग्य जागी मुलाकडूनच लिहवून घ्यावा. चार शब्दांचे वाक्य सात शब्दांचे करण्याचे धैर्य ज्या मुलाने दाखविले, त्याचा एक शब्द चुकला म्हणून ते धैर्य खचू देणे ही फार मोठी हानी होय. जागा शिकविता येते. एकदा मावळलेली उमेद परत आणणे कठीण असते.