वन्य पशूंचा दुहेरी वारसा

मी व्यवसायानें शिक्षक होतों. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. येथें सीताबर्डीवर पस्तीस वर्षें मीं मुलांना शिकविलें, आणि त्या अवधींत फळ्यावर दोन वाक्यें न चुकतां लिहिलीं. पहिलें, 'जंतु हे रोगाचें मूळ होय'. दुसरें, 'वाघांची संख्या वाढली म्हणजे वाघ वांचला.' दरवर्षीं मुलांची रांग महाराजबागेंत नेऊन पिंजऱ्यासमोर हें दुसरें वाक्य मी त्यांच्याकडून म्हणवूनहि घेत असें. निवृत्तीनंतर वाचन वाढलें, आणि ध्यानांत आलें कीं हीं दोन्ही वाक्यें अर्धींच खरीं आहेत. शिक्षकाची चूक वर्गांतच दुरुस्त व्हावी. माझा वर्ग आतां पांगला आहे. म्हणून ही दुरुस्ती आज आपणांपुढें करीत आहें.

पहिल्या वाक्यापासून आरंभ करूं. मेळघाटांत किंवा ताडोब्यांत दिसणारा गवा मनांत आणा. आठशें-हजार किलो वजनाचा हा देह केवळ गवतपाल्यावर पोसला जातो. परंतु गवतांतील चिवट तंतु, ज्याला सेल्युलोज म्हणतात, तो पचविणारा रस गव्याच्या स्वतःच्या शरीरांत तयार होतच नाहीं! मग हें काम करतो कोण? गव्याच्या चार कप्प्यांच्या पोटांतील जो सर्वांत मोठा कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. ते गवत आंबवितात. त्यांतून निघणारीं आम्लें गवा शोषून घेतो आणि त्यांवर जगतो. पुढें त्या जंतूंचेंच पचन होऊन त्याला प्रथिनेंहि मिळतात. चितळ, सांबर, आपल्या गोठ्यांतील गाय, यांची गोष्टहि हीच. गवा चरतो असें आपण म्हणतों. वस्तुतः गवा आपल्या जंतूंना चारतो.

हे जंतु वासराला मिळतात कोठून? जन्माला येतांना त्याचें पोट त्यांवांचून जवळजवळ रितेंच असतें. जन्ममार्गांतून, आईच्या चाटण्यांतून, तिच्या दुधांतून, कळपाच्या शेणामातींतून ते हळूहळू येऊन वसतात. आपल्या घरांतील विरजणाची आठवण करा. आजचें दही संपतें, परंतु त्यांतील चमचाभर उद्यांच्या दुधांत जातें. आणि सासूचें विरजण सून पुढें चालविते. वनांतील पशूंतहि एका पिढीचें विरजण दुसऱ्या पिढीला असेंच लागत असतें.

2008 सालीं शास्त्रज्ञांनीं साठ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या विष्ठेंतील जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. मांसाहारी प्राण्यांच्या पोटांत जंतूंचे प्रकार कमी, मिश्राहारींच्या पोटांत त्याहून अधिक, आणि शाकाहारींच्या पोटांत सर्वांत अधिक, असें त्यांना आढळलें. मात्र आहार हेंच एक कारण नव्हे. कुळाचा ठसाहि तेथें उमटतो. चीनमधील पांडा हें अस्वलाच्या कुळांतलें जनावर. तें आज बांबू खाऊन राहतें, तरी त्याच्या आंतड्यांतील जंतु अद्याप मांसाहारी प्राण्यांच्याच जंतूंशीं मिळतेजुळते आहेत. घरचा आहार पालटला, पण विरजण जुनेंच राहिलें!

याचा अर्थ जंतु निरुपद्रवी असतात असा नव्हे. गुरांतून रानांत शिरणाऱ्या बुळकांडीनें एके काळीं गव्यांचे कळपच्या कळप आडवे केले. ती सांथ जगांतून गेल्याची घोषणा 2011 सालीं झाली. म्हणून माझें वाक्य अर्धें खरें म्हणतों. जंतु मारतो, आणि जंतु तारतोहि.

आतां दुसऱ्या वाक्याकडे वळूं. 2006 सालच्या गणनेंत भारतांत सुमारें 1,411 वाघ असल्याचा अंदाज निघाला होता. 2022 सालच्या गणनेंत तो 3,682 वर गेला. आनंद व्हावा असाच हा आंकडा आहे. परंतु बीजाचा, म्हणजे जनुकांचा, हिशेब संख्येच्या हिशेबाहून निराळा असतो. एका रांजणांत सात रंगांचे मणी भरले आहेत असें समजा. मूठभर मणी काढून घेतले, तर एखादा रंग मागें राहून जातो. तो वाईट होता म्हणून नव्हे, हातीं लागला नाहीं म्हणून. लहान जंगलांत कोंडलेल्या मूठभर वाघांचें असेंच होतें. पिढीगणिक कांहीं जनुकें केवळ योगायोगानें नाहींशीं होतात, आणि उरलेलीं पुन्हा पुन्हा एकमेकांस भेटतात. सगोत्र विवाह टाळण्याची आपली जुनी रीत आठवली म्हणजे यांतील धोका ध्यानांत येईल.

हें कळलें कसें? वाघाला हात न लावतां! त्याच्या विष्ठेबरोबर आंतड्याच्या अस्तरांतील कांहीं पेशी बाहेर पडतात. त्यांतील डी. एन. ए. वाचला म्हणजे तो वाघ कोणता आणि कोणत्या जंगलाशीं त्याचें नातें, हें सांगतां येतें. त्याच विष्ठेंत त्यानें खाल्लेल्या भक्ष्याची खूण असते, आणि त्याच्या आंतड्यांतील जंतूंचीहि. एका साक्षीदाराच्या तोंडून तीन जबान्या!

बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेंतील डॉ. उमा रामकृष्णन व त्यांचे सहकारी यांनीं ही जबानी देशभर नोंदविली आहे. ओडिशांतील सिमलीपालच्या वाघांविषयीं त्यांचा लेख 2021 सालीं प्रसिद्ध झाला. तेथील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळले आहेत, त्यामुळें ते काळे दिसतात. एका जनुकांतील एका अक्षराच्या बदलाचा हा परिणाम. इतर जंगलांतील वाघांत हा बदल जवळजवळ नाहींच. काळा वाघ पाहावयास गर्दी होते. पण तो काळा रंग सांगतो कीं या घराचें दार फार दिवस बंद आहे.

आपल्या मध्य भारताचें दार अद्याप उघडें आहे. कान्हा, पेंच, सातपुडा, मेळघाट येथील वाघांच्या जनुकांवरून 2013 सालीं असें दिसून आलें कीं, जेथें दोन जंगलांमध्यें झाडीचा पट्टा टिकून आहे, तेथें बीजाची देवघेव चालूच आहे. त्याच सालीं 'जय' नांवानें प्रसिद्ध झालेला वाघ नागझिऱ्याहून शेतें, रस्ते आणि वस्त्या ओलांडीत उमरेड-कऱ्हांडल्यास आला. तेथें त्याचा वंश वाढला. 2016 सालच्या एप्रिलनंतर मात्र तो कोणास दिसला नाहीं. टिपेश्वरच्या एका तरुण वाघानें जून 2019 मध्यें घर सोडलें. महाराष्ट्र आणि तेलंगणा तुडवीत कांहीं महिन्यांत सुमारें तीन हजार किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत स्थिरावला. तेथें दुसरा वाघ नव्हता, वाघीणहि नव्हती. एकाच्या पायपिटीला फळ आलें. दुसऱ्याची पायपीट वाया गेली.

दुहेरी वारसा म्हणतों तो हाच. एक वारसा जनुकांचा, जो गर्भांतच मिळतो. दुसरा जंतूंचा, जो आईकडून, आहारांतून, मातींतून मिळतो. पिंजऱ्यांत वाढलेल्या अनेक सस्तन प्राण्यांचे जंतु त्यांच्या रानांतील भाईबंदांपेक्षां निराळे आढळले आहेत. म्हणजे पिंजरा बीज राखील, पण विरजण राखीलच असें नाहीं. दोन्ही वारसे टिकावयाचे तर रान हवें, आणि रानांतून रानांत जाणारी वाट हवी.

ती वाट आपल्या दारावरूनच जाते. नागपुराहून शिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, पेंचच्या हद्दींत, जनावरांसाठीं रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले आहेत. त्यांतील सर्वांत रुंद 750 मीटर आहे. त्यांतून जाणाऱ्या वाघांचीं छायाचित्रें कॅमेऱ्यांनीं टिपलीं आहेत. परंतु प्रत्येक वाट रस्त्याखालून जात नाहीं; बहुतेक शेतांतून जातात. वाटसरू वाघानें गाय मारली तर ती सीताबर्डीच्या रहिवाश्याची नसते, कऱ्हांडल्याच्या किंवा टिपेश्वरच्या शेतकऱ्याची असते; आणि चंद्रपूर जिल्ह्यांत माणसेंहि बळी पडलीं आहेत. वाघाचें कौतुक आपण करावें आणि किंमत त्यांनीं मोजावी, हा हिशेब न्यायाचा नव्हे. नुकसानीची भरपाई वेळेवर पोहोंचणें हें वनरक्षणाचेंच काम आहे, असें मी मानतों.

माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांनीं वहींतील तीं दोन वाक्यें आतां अशीं दुरुस्त करावीं : 'कांहीं जंतु रोग आणतात, परंतु जंतूंवांचून गवाहि जगत नाहीं.' आणि दुसरें : 'वाघ मोजावे, त्याचबरोबर त्यांच्या वाटाहि मोजाव्या.' दुरुस्तीला उशीर झाला, याबद्दल क्षमा मागतों.