चंबळेचा कालवा आणि संस्थानांच्या सीमा
(इंदूर येथील व्याख्यानातून)



मुरैना-भिंडचे मैदान भिजविणारी चंबळ आपल्या महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते, हे येथील किती मंडळींच्या ध्यानी असते? प्राचीनांची चर्मण्वती ती हीच. माळव्यातून ती उत्तरेस जाते, कोट्यापर्यंत खोल दरीतून धावते आणि मग मैदानात उतरते. परंतु तेथेही ती शेतकऱ्याच्या हाती लागत नाही. पात्र खोल, दोन्ही काठांवर घळींचे बेहड. खाली नदी वाहते आणि वर शेत तहानलेले, ही विपरीत अवस्था शतकानुशतके चालली. पाणी वरच अडवून उंचावरून नेणे, हाच त्यावर उपाय होता. म्हणूनच कोटा बंधाऱ्यातून निघालेला उजवा कालवा सुमारे १२४ किलोमीटर राजस्थानातून येतो, जलसेतूवरून पार्वती ओलांडतो आणि मग श्योपूर, मुरैना, भिंडकडे वळतो.

आता इतिहास पाहा. पाणी साठविणाऱ्या गांधीसागर धरणाची जागा भानपुऱ्याच्या बाजूस, होळकरांच्या मुलखात. तहानलेली जमीन शिंद्यांच्या राज्यात! १८०२ साली पुण्याजवळ ज्या यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा उधळल्या, त्यांचा अंत १८११ साली याच भानपुऱ्यात झाला. ही दोन संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली, १९५४ साली कामास आरंभ झाला आणि १९६० साली गांधीसागर व कोटा बंधारा उभे राहिले. केवळ विलीनीकरणाने धरण बांधले, असे आम्ही म्हणणार नाही. ते इंजिनिअरांनी आणि मजुरांनी बांधले. पण एका दरबारने आपली गावे बुडवून दुसऱ्या दरबारची शेते भिजविली असती काय?

गावे मात्र बुडाली. रामपुरा-भानपुऱ्याकडील कसदार काळी जमीन जलाशयाखाली गेली, आणि त्या पाण्यावर दूरच्या मुरैन्यात गहू-मोहरी डोलू लागली. कालव्याच्या कौतुकात या विस्थापितांचे नाव क्वचितच निघते, याचा आम्हांस खेद वाटतो.

शिवाय एक सीमा उरलीच. मध्य प्रदेश व राजस्थान यांचा वाटा निम्मा-निम्मा ठरला. परंतु कालव्याचे तोंड एका राज्यात, शेपूट दुसऱ्यात. पेरणीच्या दिवसांत टोकाकडील शेतकऱ्यांनी पाणी पोहोचत नसल्याची तक्रार वारंवार केली आहे. पार्वतीच्या जलसेतूवर रोज किती पाणी आले, तो आकडा दोन्ही राज्यांनी कालव्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, एवढी आमची मागणी आहे.