दंड लिहिण्याआधी दार वाजवू या

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमधून बोलतोय. आमचा बचत गट बारा जणींचा. कुणी घरकामाला जातं, कुणी अंबडच्या कारखान्यात, कुणी पोळ्या लाटून देतं. नियम तुमच्या गटासारखेच. दर महिन्याला बचत, वेळेवर हप्ता आणि बैठक चुकवली तर दहा रुपये दंड.

मागच्या वर्षी आमची एक मैत्रीण लागोपाठ तीन बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे मुलाच्या हातून पाठवायची. आम्ही तिच्या नावापुढे तीनदा दंड लिहिला. चौथ्या बैठकीत बोलणं निघालं, "वेळ नसेल तर गट सोडावा." दंड मागायला म्हणून आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. दुपारचे दोन वाजले होते, तरी घरात अंधार होता, सकाळची भांडी तशीच पडलेली. ती म्हणाली, "रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. कशातच जीव रमत नाही. चार बायकांत येऊन बोलू काय?"

आम्ही काय म्हणालो? "अगं, मन घट्ट कर. तुला काय कमी आहे?" झालं, ती गप्प झाली. ताप आलेल्या माणसाला आपण मन घट्ट कर म्हणत नाही. मग मन आजारी पडल्यावर का म्हणतो?

त्यानंतर आम्ही माहिती काढायला लागलो, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातलं एक काम समजलं. पेठ तालुक्यातल्या 41 गावांत 2013 च्या सुमारास 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातलं मानसिक आरोग्याचं केंद्र आणि 'बाएफ' संस्था यांनी तो चालवला. त्यात डॉक्टर गावात आणून बसवले नव्हते. गावातलीच माणसं, बचत गटातल्या बायका, शेतकरी यांना शिकवलं. काही जण नुसते 'मित्र' होते. कोण उदास आहे, कोण घराबाहेर पडत नाही, हे ते ओळखायचे. जास्त शिकलेले कार्यकर्ते त्या माणसाला चार ते सहा वेळा भेटायचे. मोबाइलवर छोटी फिल्म दाखवायचे, दारूची, घरातल्या भांडणाची, बेकारीची. फिल्म बघून माणूस म्हणायचा, हे तर माझ्याच घरातलं आहे, आणि बोलायला लागायचा. आजार मोठा दिसला तर दवाखान्यात पाठवायचे. सरकारी योजनेचा लाभ अडला असेल तर त्यातही मदत करायचे, कारण पैशाची ओढाताणही मनाला खातेच. पुढे हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत गेलं.

त्या कामातून आम्ही तीन गोष्टी उचलल्या. पहिली, मधे न बोलता ऐकायचं. दुसरी, तिला पूर्वी आवडायचं असं एखादं लहानसं काम पुन्हा सुरू करायला सोबत करायची. आमच्या मैत्रिणीचं काम म्हणजे दारातली तुळस आणि संध्याकाळची एक फेरी. तिसरी, दहा अडचणींतली एकच धरायची आणि तिच्यावर काय करता येईल ते दोघींनी मिळून ठरवायचं.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "कधी कधी वाटतं, सगळं संपवावं." आमच्या पोटात गोळा आला. पण आम्ही विषय बदलला नाही. सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं. त्या रात्री तिला एकटं सोडलं नाही. 14416 वर फोन लावला. ही सरकारची 'टेली मानस' सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सकाळी तिच्या नवऱ्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. तो म्हणत होता, "लोक तिला वेडी म्हणतील." आम्ही म्हणालो, "दादा, लोक काय म्हणतील ते नंतर बघू, आधी तिला बघू."

औषध लगेच लागू पडलं नाही. उदासीच्या गोळ्यांना दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं त्या बंद करायच्या नसतात. आज ती बैठकीला येते. एखाद्या महिन्यात येत नाही, तेव्हा आमच्यातली एक तिच्याकडे जाते.

आणखी एक. कुणी जिवाचं बरंवाईट करू पाहिलं, तर घरचे पोलीस केसच्या भीतीनं दडवतात. तसं करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरलं जातं. त्याला शिक्षेची नाही, उपचाराची गरज आहे. शेतावरची औषधं कुलपात ठेवा.

मैत्रिणींनो, दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण सुटलं, रडू येतं, कामात लक्ष नाही, असं दिसलं तर त्या घरी जा. जे कळेल ते पाणवठ्यावर बोलू नका, बैठकीतही नाही. आमच्याकडून ती चूक झाली होती, म्हणून ही गोष्टही तिला विचारून, नाव न घेता सांगतोय.

आता आमच्या वहीत ठराव लिहिला आहे. दोन गैरहजेऱ्या झाल्या की आधी घरी जायचं, दंडाचं नंतर. तिचे तीस रुपये आम्ही खोडले. तुमच्या वहीत कुणाच्या नावापुढे असे दंड साठलेत, ते आज संध्याकाळी एकदा बघा.