चित्राचा कस

नागपूर जिल्ह्यांतील कुही, उमरेड व भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यांतील पवनी या तालुक्यांत पसरलेलें उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ सालीं घोषित झालें. अशा रानांत वाघांची मोजदाद करावयाची असते तेव्हां त्यांच्या नित्याच्या वाटेवर दोहों बाजूंस समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला कीं त्याच्या दोन्ही कुशींचें चित्र आपोआप उमटतें. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टेही निराळे असतात. यास्तव चित्रावरून वाघ ओळखतां येतो.

२०१३ सालीं नागझिऱ्याहून या रानांत आलेला ‘जय’ नांवाचा प्रसिद्ध वाघ २०१६ च्या एप्रिलनंतर दिसेनासा झाला. असा वाघ अन्यत्र दिसल्याची वार्ता आली, तर तिचा खरेखोटेपणा त्याच्या पट्ट्यांच्या पूर्वीच्या स्पष्ट चित्रावरूनच पडताळतां येतो. येथें चित्राचा कस हा केवळ हौशीचा प्रश्न राहत नाहीं.

हा कस कशावर अवलंबून असतो? फिल्म श्रेष्ठ कीं डिजिटल, असा वाद छायाचित्रकारांत पुष्कळ वर्षें चालला आहे. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचें चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचें होतें. तेव्हां फिल्मचें श्रेष्ठत्व निर्विवाद होतें. आज साध्या फोनच्या चित्रांतही बिंदूंची संख्या कोटीच्या घरांत असते. परंतु बिंदूंची संख्या म्हणजे कस नव्हे. फिल्म काय किंवा डिजिटल कॅमेऱ्यांतील संवेदक काय, दोन्ही प्रकाश झेलणारीं पात्रें आहेत. पात्रांत मुळांत काय पडलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. अंधुक प्रकाशांत उपयोगी पडणाऱ्या जलद फिल्मचे कण मोठे, म्हणून तिचें चित्र रवाळ दिसतें. संवेदकावर प्रकाश अपुरा पडला तर त्याच्या मोजणींत चढउतार होतात आणि चित्रावर मुंग्या आल्यासारखें दिसतें. प्रकाश चौपट मिळाला तर हा दोष प्रमाणानें निम्म्यावर येतो. दोन्हीकडे रोग एकच, प्रकाशाचें दारिद्र्य.

दुसरी गोष्ट पात्राच्या आकाराची. एकाच सरींत वाटीपेक्षां परातींत पाणी अधिक सांठतें. नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते. फोनमधील संवेदक तिच्या मानानें फारच लहान. तेव्हां फोनचें चित्र जुन्या रोलच्या चित्राशेजारीं ठेवून डिजिटलला नांवें ठेवणें अन्यायाचें आहे.

तिसरी गोष्ट भिंगाची आणि हाताची. ३०० मिलिमीटरचें भिंग हातीं धरून चित्र घ्यावयाचें, तर एका सेकंदाच्या तीनशेव्या भागापेक्षां अधिक वेळ झडप उघडी ठेवूं नये, असा जुना ठोकताळा आहे. पहाटे सागाच्या दाट सावलींत तीच झडप तिसाव्या भागापर्यंत उघडी राहिली, तर हात हलतो, वाघही चालत असतो आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. मग चांदीही उपयोगी नाहीं आणि संवेदकही.

रात्रीं याचा विशेष प्रत्यय येतो. दोन कॅमेरे डिजिटलच असतात. एकांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, दुसऱ्यांत पांढऱ्या दिव्याचा क्षणिक लखलखाट. पहिल्यानें जनावर सहसा बिचकत नाहीं, पण चालत्या वाघाचे पट्टे पुष्कळदां पुसट येतात. दुसऱ्यानें ते रेखीव उमटतात. यंत्राची जात तीच; फरक पडला तो प्रकाशानें.

म्हणून दोन्ही पद्धती सारख्याच, असें मात्र नव्हे. रंगीत निगेटिव्ह फिल्म प्रकाशाचा अतिरेक बराच सोसते. डिजिटल चित्रांत आकाश एकदां पांढरें फटक झालें कीं त्यांतील ढग पुन्हां मिळत नाहींत. उलट, अंधारांत डिजिटल पुष्कळ वरचढ ठरतें. शिवाय उल्लास कारंत यांनीं १९९० च्या दशकाच्या आरंभीं कर्नाटकांतील नागरहोळे येथें वाघ मोजले, तेव्हां अशा कॅमेऱ्यांत फिल्मचा रोल असे. छत्तीस चित्रांचा रोल गुराढोरांतच संपला, तर मागून येणारा वाघ नोंदीवांचून निघून जाई. ती अडचण डिजिटलनें दूर केली.

अखेरची गोष्ट जतनाची. पावसाळ्याच्या दमटपणांत निगेटिव्हवर बुरशी चढते. डिजिटल चित्रांची तबकडी एखादे दिवशीं कांहीं न सांगतां बंद पडते. पहिली कोरड्या जागीं ठेवावी, दुसऱ्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या. आणि दोहोंवर तारीख व ठिकाण लिहावें. घरांतील लग्नाच्या जुन्या फोटोला हा नियम जितका लागू, तितकाच रानांतील वाघाच्या चित्रालाही. वाघ निघून गेल्यावर त्याचें चित्र दुसऱ्यांदा घेतां येत नाहीं.