गोदावरीचे कालवे आणि काळे यांची देणगी



निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर…
पक्ष्यांसाठी आपण ते ओळखतो.
गोदावरीचे कालवेही तिथूनच निघतात.

या कालव्यांनी लोकांचं नेमकं काय भलं झालं?
हे तपासलं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं.
अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा त्यावरचा अहवाल १९४८ साली छापला गेला.
त्यात प्रत्यक्ष लाभ आहेत, आणि अप्रत्यक्षही.

मंडळी, ही संस्था उभी राहिली १९३० साली.
साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून.

देणगी संशोधनाला बळ देते.
पण कोणता प्रश्न विचारायचा, हेही अनेकदा तीच ठरवते.

सर रतन टाटांचंच पाहा.
१९१२ च्या सुमारास त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला पैसा दिला.
विषय होता गरिबी.
म्हणून तिथं गरिबीवर अभ्यास झाला.
हा प्रभाव मला चांगलाच वाटतो.

मात्र एक सांगते…
प्रश्न देणगीदारानं सुचवावा.
उत्तर संशोधकानंच शोधावं.

संस्थेला कायमचा निधी मिळाला, तर हे सोपं जातं.
दर प्रकल्पाला नवा दाता शोधावा लागला, की अवघड होतं.
मग न आवडणारा निष्कर्ष लिहिताना हात अडखळतो.

म्हणूनच अहवालाच्या पहिल्या पानांवर निधी देणाऱ्याचं नाव छापलेलं असावं.
ते आपणही जरूर वाचावं.