‘पब्लिक’ आली की आले?

(मुळशीतल्या युवा शिबिरातलं भाषण)

दोस्तांनो, मी कोड लिहिणारा माणूस, व्याकरणाचा मास्तर नाही. पण ‘पब्लिक’ हा शब्द मी दिवसभर टाईप करतो. जावामध्ये मेथडपुढे पब्लिक लिहिलं की ती कुठूनही वापरता येते. तिथे अर्थ पक्का. इंग्रजीत तसं नाही.

इंग्रजीत ते समूहवाचक नाम. त्याला ‘इज’ चालतं आणि ‘आर’ही. सगळे मिळून एक मानले तर इज, वेगवेगळी माणसं डोळ्यांपुढे असली तर आर. मराठीत शब्दच दोन आहेत: जनता आली, लोक आले. उर्दूत आणखी गंमत. ‘अवाम’ हे अरबीत अनेकवचन, पण बोलताना आपण सर्रास ‘अवाम चाहती है’ म्हणतो. उर्दूचे जाणकार कान पकडतात, ते सोडा.

याच तालुक्यात या इज-आरची किंमत जमिनीत मोजली गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘पब्लिक पर्पज’ दाखवला की सरकारला जमीन घेता यायची. कंपनीसाठीसुद्धा, काम पब्लिकच्या उपयोगाचं असलं म्हणजे झालं. टाटा कंपनीला इथे नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण हवं होतं. पाणी घाटाखाली भिऱ्याला, वीज मुंबईला. एप्रिल १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. दोन्ही शब्द फारसीतून आलेले, आणि मावळातल्या शेतकऱ्याच्या तोंडी अगदी घरचे! ‘तुमची भाषा कोणती?’ असं विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा.

धरण झालं, गावं बुडाली.

मग ते शेतकरी पब्लिक नव्हते का? व्याकरणानं होते. पण ‘द पब्लिक’ असं एकवचनात म्हटलं की आत कोण आहे हे मोजावं लागत नाही. त्यात मुंबईची गिरणी दिसते, इथलं भातखाचर दिसत नाही.

२०१३ च्या कायद्यानं खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती मागितली. माझ्या मते हा बदल व्याकरणाचाच: समूहाच्या जागी मोजता येणारी कुटुंबं आली. निव्वळ सरकारी प्रकल्पाला मात्र ही अट नाही. आम्ही आयटीवाले रोज जिथे जातो ते हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येतं. काचेच्या इमारतींआधी तिथेही शेतंच होती.

आता आपल्या घरात या. ‘कौम को मंज़ूर नहीं.’ कौमही एकवचनी. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. त्यात सात मुस्लिम महिला होत्या, मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. त्या सातजणी तेव्हाच्या ‘कौम’मध्ये धरल्या होत्या का? यावर मला तुमच्याकडून ऐकायचंय. मुलींनी आधी बोला.